चाळीस मायक्रॉनचा मामला

नांदेडहून लोहा, अहमदपूर करत लातूरला निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना पूर्वी रसवंत्या आणि पंक्चरवाले दिसायचे. ते अजूनही आहेत, पण त्यांच्या मधे मधे आता चकचकीत फ्लेक्स उभे राहिलेत. 'नाइन-एच सिरॅमिक कोटिंग', 'ग्राफीन', 'तीन वर्षं वॉरंटी', 'गाडी आरशासारखी'. पत्र्याचं शेड, एक प्रेशर वॉशर, एक बफिंग मशीन आणि दोन-तीन पोरं एवढ्यावर धंदा सुरू होतो. मला या धंद्याचं वेड आहे. फलक दिसला की गाडी बाजूला घ्यायची, चहा मागवायचा आणि पोरांचे हात बघत बसायचं. देवळात इतका वेळ कधी बसला नाहीत, असं घरात ऐकून घ्यावं लागतं. पण या बसण्यातून माझं एक मत पक्कं झालंय : फसलेलं गिऱ्हाईक इतक्या आनंदात पैसे मोजून घरी जातं असा दुसरा धंदा नसेल. गाडी चमकत असते ना! आणि चमक हा कामाचा पुरावा आहे, ही समजूत त्याच्या मनात कोणीतरी घट्ट बसवलेली असते.

इतिहास झटपट उरकतो. १९०१ साली अमेरिकेत फ्रँक मेग्वायर यांनी फर्निचरचं पॉलिश बनवायला घेतलं आणि पुढे ते मोटारींवर चढलं; ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचं कार्नोबा मेण कित्येक दशकं या धंद्याचं दैवत होतं. आपल्याकडे अँबॅसिडर आणि पद्मिनीच्या काळात रंगाचा एकच थर असायचा. पॉलिश करताना फडकं रंगलं की मालकाला दिसायचं, रंग निघतोय. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली, पुढे मेटॅलिक रंग आले आणि रंगावर पारदर्शक क्लिअर कोट आला. झालं! आता वरचा थर कितीही घासून काढा, फडक्यावर रंगाचा ठिपका येत नाही. माझ्या मते या धंद्यातल्या निम्म्या लबाड्या त्या स्वच्छ फडक्याच्या आडोशाने चालतात.

हा थर किती जाड असतो, हे एकदा नीट बघू. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्रायमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन भरतात. त्यातला क्लिअर कोट जेमतेम चाळीसच्या आसपास. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉनचा, म्हणजे तुमच्या वीस लाखांच्या गाडीचं सगळं तेज अर्ध्या केसाएवढ्या जाडीत आहे. उन्हातल्या अतिनील किरणांना अडवायचं कामही हाच थर करतो. नांदेडच्या मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर जातो, तेव्हा उघड्यावर उभ्या गाडीला याच्याशिवाय दुसरा वाली नसतो.

बॉनेटवर ऊन तिरपं पडलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल गोल रेघा दिसतात, त्या या क्लिअर कोटवरचे बारीक ओरखडे असतात. धूळ बसलेली गाडी कोरड्या फडक्याने पुसली की ते उमटतात. ते घालवायचे दोन मार्ग. पहिला सरळ. गाडी धुवायची, क्ले फिरवून चिकटलेले कण काढायचे, मग योग्य पॅड आणि कंपाउंड घेऊन मशीनने क्लिअर कोट दोन-तीन मायक्रॉन उतरवून सपाट करायचा. मध्यम गाडीला हे काम दोन फेऱ्यांत नीट करायचं तर दहा-बारा तास सहज जातात. दुसरा मार्ग तासाभराचा. तेल आणि मेण असलेलं ग्लेझ रेघांत भरायचं. रेघा बुजतात, गाडी लखलखते, फोटो निघतो, पैसे मिळतात. चार धुण्यांत ग्लेझ वाहून जातं आणि जाळं जिथल्या तिथे.

लातुरात माझ्या साडूंनी मुलाच्या लग्नाआधी काळ्या गाडीला 'थ्री स्टेप करेक्शन आणि कोटिंग' करून घेतलं. सकाळी गाडी दिली, संध्याकाळी घेतली. वेळ ऐकूनच मला शंका आली. लग्न होऊन गेल्यावर अंगणात बसून आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी मिसळून फडक्याने बॉनेटचा एक चौकोन पुसला आणि मोबाइलचा टॉर्च तिरपा धरला. चौकोनाच्या आत सगळी जाळी उघडी पडली, बाहेर सगळं गुळगुळीत. साडूबुवा बराच वेळ आळीपाळीने आत-बाहेर बघत राहिले. मग म्हणाले, "लग्नात तर चमकली ना?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. धंदा चालतो तो याच प्रश्नावर.

ग्लेझने निदान नुकसान होत नाही. घाईतली बफिंग त्याहून वाईट. लोकरीचं पॅड आणि जाड कंपाउंड लावून रोटरी मशीन जोरात दाबलं की रेघा झटक्यात जातात, पण थरही झटक्यात जातो. बॉनेटच्या कडा आणि दरवाजावरची उठावाची रेघ इथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो. तिथे मशीन जरा जास्त रेंगाळलं की खालचा प्रायमर डोकावतो. दरवर्षी दसऱ्याआधी 'रबिंग-पॉलिश' करून घेणारे हौशी मालक पाच-सहा वर्षांत क्लिअर कोट संपवतात, आणि छतावर पांढरे पापुद्रे सुटले की दोष कंपनीच्या रंगाला देतात.

नांदेडला एका गल्लीत एक गृहस्थ हे काम करतात. नाव लिहायला त्यांची परवानगी नाही, आणि फलकही नाही. गाडी आली की ते आधी खिशातून जाडी मोजायचं छोटं यंत्र काढतात. पत्र्यावर टेकवायचं, टिक असा आवाज येतो, आकडा दिसतो. तो ते चिकटपट्टीच्या तुकड्यावर लिहून त्याच जागी डकवतात. बॉनेट ११२, ११८, छप्पर १०९, डावा मागचा दरवाजा ३४०. "काका, दरवाजा रंगवलेला हाय. खाली लांबी बी असंल." जुनी म्हणून घेतलेली 'नॉन-अ‍ॅक्सिडेंटल' गाडी असते, मालकाचा चेहरा पडतो. लांबी (पुट्टी) भरलेली असेल तर आकडा पाचशे-हजारावरही जातो. बंपर प्लास्टिकचा, तिथे साधं यंत्र मुकं. मग बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टीची उभी रेघ मारून ते एकाच बाजूचं काम करतात, मालकाला बोलावून दोन्ही बाजू दाखवतात आणि विचारतात, "एवढं पुरे का अजून काढू? काढलेलं परत येत नसतंय." हा शेवटचा प्रश्न मी इतर कुठल्याही शेडमध्ये ऐकलेला नाही. ते यंत्र काही हजारांत मिळतं. मीही एक घेतलंय, आणि नातेवाइकांच्या लग्नांत पार्किंगमध्ये मी त्याचं काय करतो हे इथे सांगत नाही.

आता फलकावरचं ते 'नाइन-एच'. विचारलं की शेडमधला पोरगा बेधडक सांगतो, "हिऱ्याच्या खालोखाल कडक. हिरा दहा, हे नऊ." हिऱ्याला दहा गुण देणारी मोजपट्टी फ्रिडरिश मोहस या जर्मन खनिजशास्त्रज्ञाची. नाइन-एच मधला एच मात्र शिसपेन्सिलीचा. तुमच्या कंपासमधल्या एचबीचा चुलतभाऊ! या चाचणीत पेन्सिल ४५ अंशांत धरून ७५० ग्रॅमच्या भाराने रंगावरून ढकलतात आणि कोणत्या कडकपणाच्या पेन्सिलीने ओरखडा उठतो ते पाहतात. नाइन-एच म्हणजे नाइन-एच पेन्सिलीलाही ते पुरून उरलं, बस. रस्त्यावरच्या वाळूचा कण पेन्सिलीहून कितीतरी कडक असतो. शिवाय कोटिंगचा थर बहुतेकदा एखाद्या मायक्रॉनचा. त्याचे खरे गुण वेगळे आहेत. पाणी ओघळून जातं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं. हे गुण चांगले आहेत आणि त्यासाठी पैसे मोजायला माझी हरकत नाही. पण 'दगड मारला तरी काही होत नाही' म्हणून विकणं म्हणजे सरळ थाप.

त्यात बाटलीची गंमत वेगळी. चांगलं कोटिंग तीस किंवा पन्नास मिलिलिटरच्या छोट्या बाटलीत येतं आणि हवेतल्या ओलाव्याशी संयोग होऊन घट्ट होतं, म्हणून उघडलेली बाटली फार टिकत नाही. एका लहान गाडीला तीसची बाटली कशीबशी पुरते. तुमच्यासमोर सील न फोडता आधीच अर्धी झालेली बाटली निघाली तर समजा, उरलेली कोणाच्या तरी गाडीवर आहे. लावल्यावर निदान चोवीस तास पाणी लागू द्यायचं नाही आणि आठवडाभर धुवायचं नाही, असं बाटलीवर बहुधा लिहिलेलं असतं. एका शोरूममध्ये (नाव नको) नव्या गाडीला कोटिंग लावून दोन तासांत धो-धो पावसात हार घालून ताब्यात दिलेली मी पाहिली. वॉरंटी कार्ड मात्र जाड कागदाचं होतं.

'टेफ्लॉन कोटिंग'चे फलक अजून लावणाऱ्यांबद्दल एवढंच की, रॉय प्लंकेट यांना १९३८ साली योगायोगाने सापडलेला हा पदार्थ ३२७ अंशांना वितळतो आणि तव्यावर बसवताना त्याच्याही वरच्या उष्णतेत भाजावा लागतो. गाडीला तेवढं तापवलं तर सीटसुद्धा शिल्लक राहणार नाही. रंग जपायला वर चिकटवतात त्या पारदर्शक फिल्ममध्येही तेच. टीपीयू म्हणून सांगतात आणि पीव्हीसीच्या जातीची टीपीएच चिकटवतात. ती स्वस्त असते आणि लवकर पिवळी पडते. त्यातून फिल्म बॉनेटवरच ब्लेडने कापली तर खाली रंगावर कायमची रेघ. टायरला चकचकीत सिलिकॉन, खालून डिझेलचा फवारा, चिखलावरच अँटी-रस्ट, ओल्या सीटवर अत्तर, या नेहमीच्या खोड्या सगळ्यांना माहीत आहेत.

लातूरला आलं की विषय पाण्याकडे वळतोच. १२ एप्रिल २०१६ च्या पहाटे मिरजेहून जलदूत रेल्वे पाच लाख लिटर पाणी घेऊन लातुरात शिरली, ते दिवस इथे कोणी विसरलेलं नाही. मांजरा धरण कोरडं पडलं होतं, नळाला पाणी कधी येईल ते कोणी सांगत नव्हतं. अशा गावात छोटा प्रेशर वॉशरही मिनिटाला सहा-सात लिटर पाणी ओढतो. बंगळुरूने मार्च २०२४ मध्ये पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घातली आणि पाच हजारांचा दंड ठेवला. आपल्याकडे टंचाईत काय होतं? पाण्याची काटकसर म्हणून पोरगा ओलसर फडक्याने काळ्या मातीची धूळ पुसून काढतो, आणि मघाचं जाळं तयार होतं. खोल बोअरचं पाणी जड असतं, ते वेगळंच. पिण्याच्या पाण्यात कठीणपणा लिटरला २०० मिलिग्रॅमपर्यंत असावा आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालेल, असं भारतीय मानक सांगतं. असलं जड पाणी तापल्या पत्र्यावर वाळलं की क्षारांचे पांढरे गोल उरतात. ताजे असताना पातळ व्हिनेगरने जातात, राहू दिले तर क्लिअर कोट खातात. मग शेडमध्ये फरशीचं अ‍ॅसिड निघतं. काच स्वच्छ होते, कडेची क्रोमची पट्टी काळवंडते.

खरं तर लातूरसाठी सोय आहे. पॉलिमरचं 'रिन्सलेस' द्रावण एका बादलीत टोपणभर टाकलं तर आठ-दहा लिटरांत गाडी निघते. मात्र प्रत्येक भागाला मायक्रोफायबरची स्वच्छ घडी हवी. एका शेडमध्ये तेही पाहिलं : द्रावण उत्तम, बादली दोन-दोन, आणि पोराच्या हातून फडकं मुरमाड जमिनीवर पडलं. त्याने ते उचललं, मांडीवर दोनदा झटकलं आणि त्याच काळ्या दरवाजावर फिरवलं. मालक शेजारी उभे होते, त्यांना काही वावगं वाटलं नाही. पोराला तरी काय म्हणायचं? आयटीआयमध्ये मोटर मेकॅनिक दोन वर्षं शिकतो. याला मशीन हातात मिळालं तेव्हा आदल्या पोराने सांगितलं होतं, "दाबून मार." पगार गाडीमागे, आणि बाहेर गिऱ्हाईक घड्याळ बघत उभं.

तक्रारीची वाट आहे, पण तिचा पहिला अडथळा बिल. 'पक्कं बिल नको, जीएसटी वाचेल' म्हणणाऱ्याच्या हातात पुढे काहीच उरत नाही. बिल आणि वॉरंटी कार्ड असेल तर दोन वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन फुकट आहे.

पाडव्याच्या पूजेत गाडीला हळद लागते, तर तिचंही सांगतो. हळदीतलं कर्क्युमिन अल्कली लागला की लालसर होतं; पापडखार घालून कुंकू करतात ते यामुळेच. गाडीचा शाम्पू अल्कधर्मी नसावा, नाहीतर आधी लावलेलं मेण धुऊन निघतं. म्हणून मी खिशात हळदीत भिजवून वाळवलेल्या कागदाच्या पट्ट्या ठेवतो. नांदेडला एका शेडमध्ये मालक अभिमानाने म्हणाले, "शाम्पू हैदराबादहून मागवतो, एकदम प्रीमियम." बादलीत पट्टी बुडवली, विटकरी लाल झाली. मालक पोराकडे बघायलेत, पोरगा शेडच्या कोपऱ्याकडे. तिथे कपडे धुवायच्या पावडरची गोणी होती.

पूजेत बॉनेटवर काढलेल्या स्वस्तिकाचा पिवळा डाग राहिला म्हणून कोणी कंपाउंड मारू म्हणालं, तर गाडी परत घ्या. कर्क्युमिन उजेडात टिकत नाही. बहुतेक डाग काही दिवसांच्या उन्हात आपोआप फिके होतात. बाजारातल्या रंगीत कुंकवाचं तसं नाही, ते त्याच संध्याकाळी ओल्या मऊ कापडाने उचलून घ्यावं. आणि हार लावायला चिकटपट्टी नको, दोरा बांधा.