आमरसाची काचेची बरणी फ्रीझरमध्ये का फुटते?

आंब्याचा सीझन संपत आला की घरोघरी रस काढून फ्रीझरमध्ये ठेवला जातो. प्लॅस्टिक नको म्हणून अनेक जण काचेची बरणी घेतात, ती काठोकाठ भरतात आणि झाकण घट्ट लावतात. दुसऱ्या दिवशी पाहावं तर बरणीला तडा! असं का होतं?

पाणी गोठताना फुगतं

बहुतेक पदार्थ गोठताना आकसतात. पाणी मात्र साधारण ९ टक्के फुगतं. आमरस असो, सूप असो की टोमॅटोचं सार, त्यात पाणीच जास्त असतं. रस बाहेरून आत गोठत जातो. शेवटी मधला भाग फुगतो आणि त्याला जागा मिळाली नाही, तर तो काचेला बाहेर ढकलतो. काच दाब सहन करते, पण ताणली गेली की तडकते.

बरणी कशी निवडायची?

तळापासून तोंडापर्यंत सरळ, रुंद तोंडाची बरणी घ्या. वर निमुळत्या होणाऱ्या बाटलीत बर्फ मानेखाली अडकतो आणि तिथेच काच फुटते. बोरोसिलिकेट काच तापमानातला बदल चांगला सोसते, पण बर्फाच्या जोरापुढे तीही फुटू शकते.

भरताना काय करायचं?

- अर्ध्या लिटरच्या सरळ बरणीत वर किमान दीड सेंटिमीटर, तर एक लिटरच्या बरणीत अडीच सेंटिमीटर जागा सोडा.
- सूप किंवा सार गरम असेल तर पातेलं थंड पाण्याच्या परातीत ठेवून निववा. मग बरणीत भरून आधी फ्रिजमध्ये गार करा. गरम बरणी थेट फ्रीझरमध्ये ठेवली, तर तापमानातल्या फरकानेच ती तडकू शकते.
- पूर्ण गोठेपर्यंत झाकण सैल ठेवा, नंतर घट्ट लावा.
- बरण्या एकमेकींना चिकटवून ठेवू नका.

बाहेर काढताना

आदल्या रात्री बरणी फ्रीझरमधून खाली फ्रिजमध्ये ठेवा. घाई म्हणून गरम पाण्यात बुडवू नका.

तडा गेलाच तर?

रस फेकून द्या. हापूसचा रस टाकताना जीव तुटतो, हे खरं. पण काचेचे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि गाळणीतून सगळे अडकतीलच असंही नाही. पुढच्या वेळी बरणी थोडी रिकामी ठेवा, म्हणजे ही वेळच येणार नाही.