फाट्यावरचा सोबती

कोल्हापूरहून कोकणात जाणारे मोटारसायकलस्वार पुष्कळदा गगनबावड्याची वाट धरतात. सुमारे ५५ किलोमीटर गेल्यावर गगनबावडा येतो. तेथे वाटेला दोन फाटे फुटतात. एक करूळ घाटाने वैभववाडीकडे उतरतो, दुसरा भुईबावडा घाटाने खारेपाटणकडे. पावसाळ्यात येथे दाट धुके पसरते. अशा वेळी दहा स्वारांपैकी दोघे मागे राहिले, तर त्यांनी कोणता घाट उतरावा?

वाट दाखविणारी साधने दोन. पहिले कागदी नकाशा. १७६७ साली स्थापन झालेला भारतीय सर्वेक्षण विभाग असे नकाशे तयार करतो. १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावरील दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. गावे, ओढे, घाटाची वळणे त्यावर एकत्र दिसतात. परंतु आपण कोठे आहोत, हे खुणा पाहून आपणच ओळखावे लागते.

दुसरे साधन जीपीएस. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरील निदान चार उपग्रहांचे संदेश घेऊन ते आपले स्थान दाखविते. त्यास मोबाइलचे जाळे लागत नाही. मात्र नकाशा आधीच यंत्रात साठविलेला हवा.

तथापि मागे राहिलेल्या सोबत्याची काळजी ही साधने वाहत नाहीत. म्हणून जाणते स्वार एक नियम पाळतात. पुढारी प्रत्येक फाट्यावर आपल्या मागच्या स्वारास उभे करतो. अखेरचा स्वार येईपर्यंत तो जागचा हलत नाही.

वाट नकाशा दाखवितो. सर्वांना सुखरूप पोहोचविते ती ही शिस्त.