वृक्षनामे आणि स्थलनामे : परळ ते राणीचा बाग

नगरातील उद्यानात फिरताना पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच फुलापानांकडे जाते. परंतु वृक्षांना लाभलेली नावे हाही त्या उद्यानाचाच एक भाग असतो, आणि त्यांचा इतिहास पुष्कळदा वृक्षांहून जुना असतो. लोअर परळ स्थानकापासून करी रोड, चिंचपोकळी व भायखळा या मार्गाने राणीच्या बागेपर्यंतचे अंतर सुमारे तीन किलोमीटर आहे. हा रस्ता सपाट असून कोणालाही सहज चालता येतो. भाषेच्या अभ्यासकाला मात्र त्यात अनेक शतके ओलांडावी लागतात.

आरंभ परळपासूनच होतो. १९०९-१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईच्या गॅझेटियरात 'परळ' हे नाव पाडळ या वृक्षावरून पडले असे एक मत दिले आहे. परळी वैजनाथाशी संबंध जोडणारे दुसरे मतही प्रचलित आहे. पाडळ म्हणजे संस्कृत 'पाटला', दशमुळांपैकी एक. पाटलिपुत्राच्या नावातही हाच वृक्ष आहे. स्वरांमधील 'ट'चा 'ड' होणे मराठीच्या नियमाला धरून आहे (वट > वड, घोटक > घोडा). 'ल'चा 'ळ' होणेही तसेच (फल > फळ). प्रश्न उरतो तो 'ड'च्या जागी आलेल्या 'र'चा. प्रमाण मराठीत असा बदल सामान्यतः होत नाही.

येथे शेजारच्या वरळीची साक्ष उपयोगी पडते. वरळी म्हणजे 'वड-आळी', वडांची रांग, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते, आणि तीतही 'ड'चा 'र' गृहीत धरावा लागतो. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) उत्तर कोकणच्या बोलींचे जे वर्णन आहे त्यातून याचा उलगडा होतो. कोळी-आगरी बोलींत स्वरांमधील 'ड' हा 'र' असा उच्चारला जातो : घोडा 'घोरा' होतो, गाडी 'गारी' होते. तेव्हा ही व्युत्पत्ती खरी असेल तर 'वरळी' या नावात वडाबरोबर कोळ्यांचा उच्चारही टिकून राहिला आहे. 'वडाळा' या नावात मात्र 'ड' कायम आहे. तेथे 'वड' हा शब्द ऐकणाऱ्याला स्पष्ट जाणवत राहिल्यामुळे प्रमाण उच्चाराचा पगडा बसला असावा. परळच्या बाबतीत पहिल्या अक्षरातील 'आ'चा 'अ' होणे ही एक अडचण राहते. म्हणून ती व्युत्पत्ती संभाव्य या कोटीतच ठेवणे युक्त होय.

पुढे चिंचपोकळी लागते. अमरकोशात 'चिञ्चा' हा शब्द आहे, आणि तेलुगूत या झाडाला 'चिंत' म्हणतात. वनस्पतिशास्त्र चिंचेचे मूळ स्थान उष्ण कटिबंधातील आफ्रिका मानते. अरबांनी मात्र तिला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदुस्थानचा खजूर, असे म्हटले. बाहेरून आलेला वृक्ष येथे इतका रुजला की एका वस्तीची खूण ठरला.

राणीचा बाग १८६२ साली 'व्हिक्टोरिया गार्डन्स' या नावाने लोकांना खुला झाला. आज त्याचे अधिकृत नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान असे आहे. तेथील परदेशी वृक्षांना मराठीने कशी नावे दिली हे पाहण्याजोगे आहे. पहिली रीत परिचितावरून अपरिचिताला ओळखण्याची. आफ्रिकेतील बाओबाब 'गोरखचिंच' झाला. फळातील आंबट गराखेरीज चिंचेशी त्याचे फारसे साम्य नाही. पण नामकरणाला एक ठळक गुण पुरतो. दुसरी रीत पुराणातून नाव घेण्याची. दक्षिण अमेरिकेतून आलेल्या झाडाच्या फुलात फणा धरलेल्या नागाखालील पिंडी दिसली, म्हणून ते 'कैलासपती'. ब्रह्मदेशातील एका देखण्या वृक्षाला शास्त्रीय नाव देताना गव्हर्नर जनरल ॲम्हर्स्ट याच्या पत्नीचा गौरव केला गेला. मराठीने त्याला 'उर्वशी' म्हटले. तिसरी रीत संकराची : मादागास्करच्या झाडाचे 'गुलमोहर' हे नाव. त्यातील 'गुल' फारसी, तर 'मोहर' मराठी कानाला आंब्याची आठवण करून देणारा.

या नावांचे महत्त्व केवळ कौतुकापुरते नाही. वृक्ष तोडला तरी नाव राहते, आणि त्या नावावरूनच पूर्वीच्या भूमीचे अनुमान करता येते. परंतु नावही अमर नसते. गिरण्या बंद पडल्यानंतर लोअर परळच्या जमिनीवर उंच इमारती उभ्या राहिल्या, आणि विक्रीच्या जाहिरातींत त्याच भागाला 'अपर वरळी' म्हटले जाऊ लागले. 'लोअर'चे 'अपर' झाल्याने प्रतिष्ठा वाढत असेल. पण ज्या नावात पाडळीची स्मृती असण्याचा संभव आहे ते त्यामुळे मागे सरते. त्याच्या जागी आलेले नावही अखेर वडाचेच असावे, हा योगायोग मौजेचा खरा. तरीही एका पुराव्याची जागा दुसरा पुरावा घेऊ शकत नाही.

म्हणून उद्यानातील वृक्षावर शास्त्रीय नावाची पाटी लावताना तिच्यावर मराठी नाव आणि शक्य तेथे बोलीतील नाव लिहिणे हे अभ्यासाचे कार्य समजले पाहिजे. कोळीवाड्यांत आज बोलली जाणारी वृक्षनामे ऐकून उच्चारासह नोंदवून ठेवणे, हे त्या कार्याचे पहिले पाऊल ठरेल.