तीळ काढायचा? आधी ओळखा, मग काढा

लग्नसराई जवळ आली की आमच्या दवाखान्यात एक प्रश्न हमखास विचारला जातो : "डॉक्टर, हा तीळ काढायला किती खर्च येईल?" विचारणारी कधी उपवर मुलगी असते, कधी तिची आई. हल्ली मुलगेही विचारतात. दाढी करताना दर वेळी मस कापली जाते म्हणून वैतागलेले गृहस्थही येतात. प्रश्न रास्त आहे. खिशाचा विचार प्रत्येकाला करावाच लागतो. परंतु 'किती' हा दुसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न 'हे नेमके आहे काय' हा आहे. त्याचे उत्तर मिळाल्याशिवाय कोणतीही पद्धत स्वस्त नाही आणि महागही नाही.

तीळ, मस आणि चामखीळ

आपण बोलताना त्वचेवरच्या प्रत्येक काळ्या ठिपक्याला तीळ म्हणतो. वैद्यकीयदृष्ट्या मात्र त्यात अनेक प्रकार येतात.

खरा तीळ म्हणजे त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा लहानसा पुंजका. तो सपाट असतो किंवा वर उचललेला असतो. उचललेल्या तिळाला आपण मस म्हणतो. बहुतेक तीळ लहानपणापासून तिशीपर्यंत उगवतात. प्रौढ माणसाच्या अंगावर दहा-वीस तीळ असणे अगदी स्वाभाविक आहे. गरोदरपणात काही तीळ थोडे गडद होतात.

चामखीळ हा निराळा प्रकार आहे. खरखरीत, फुलकोबीसारखी दिसणारी चामखीळ विषाणूमुळे होते. ती खाजवण्याने आणि दाढीच्या पात्याने आसपास पसरते. मानेवर किंवा काखेत देठाने लोंबणारे मऊ दाणे मात्र विषाणूचे नसतात. ते जाड माणसांत आणि मधुमेह्यांत अधिक दिसतात. मानेवर असे पुष्कळ दाणे असतील आणि मानेची कातडी काळी व मखमलीसारखी जाड झाली असेल, तर मी दाण्यांच्या आधी रक्तातील साखर तपासायला सांगतो. दाणे काढायला आलेल्या माणसाला मधुमेह निघाला, असे अनेकदा घडते.

चाळिशीनंतर बायकांच्या गालांवर व डोळ्यांभोवती बारीक काळे दाणे येतात. आईला असतील तर मुलीलाही येतात. ते निरुपद्रवी असतात. म्हातारपणी पाठीवर मेणाचा थेंब चिकटवल्यासारखे दिसणारे तपकिरी डागही बहुधा वयाचेच असतात.

घाबरायचे केव्हा?

तिळांपैकी जवळजवळ सगळेच आयुष्यभर निमूटपणे राहतात. तिळासारख्या दिसणाऱ्या मेलॅनोमा या कर्करोगाचे प्रमाण आपल्या देशात गोऱ्या लोकांच्या देशांपेक्षा खूपच कमी आहे. म्हणून हा लेख वाचून कोणी आरशापुढे तीळ मोजत बसू नये. मात्र पाच खुणा प्रत्येकाने लक्षात ठेवाव्यात :

१) तिळाचे मधोमध दोन भाग कल्पिले तर ते एकसारखे नसणे.
२) कडा वेडीवाकडी किंवा पसरट होणे.
३) एकाच तिळात काळा, तपकिरी, तांबूस, निळसर असे अनेक रंग दिसणे.
४) आकार ६ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे पेन्सिलीच्या मागील खोडरबरापेक्षा मोठा असणे.
५) तीळ बदलणे : वाढणे, खाजणे, विनाकारण रक्त येणे, जखम होऊन न भरणे.

यांतील पहिल्या चार खुणा अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांनी १९८५ मध्ये मांडल्या. पाचवी त्यांना २००४ मध्ये जोडली गेली. माझ्या मते आपल्या लोकांसाठी पाचवीच सर्वांत महत्त्वाची आहे. वर्षानुवर्षे आहे तसाच असलेला मोठा तीळ मला घाबरवत नाही. सहा महिन्यांत बदललेला छोटा तीळ मात्र मी गांभीर्याने घेतो. अंगावरील इतर तिळांपेक्षा एखादाच वेगळा दिसत असेल, तर तोही दाखवावा.

आणखी एक गोष्ट आपल्या वर्णाच्या लोकांनी जाणून घ्यायला हवी. सावळ्या-काळ्या त्वचेत मेलॅनोमा बऱ्याचदा उन्हात न येणाऱ्या जागी होतो : तळपाय, तळहात आणि नखाखाली. जमैकाचा जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ले याच्या पायाच्या अंगठ्याला १९७७ मध्ये हाच रोग असल्याचे आढळले. १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या ३६ व्या वर्षी, त्यातच तो गेला. तळपायावरील प्रत्येक ठिपका वाईट नसतो. पण नवा आलेला किंवा वाढणारा काळा डाग 'कुरूप असेल' म्हणून सोडून देऊ नये. एकाच नखात काळी रेघ उमटून ती रुंद होत असेल किंवा नखाबाहेरच्या कातडीवर उतरत असेल, तर तेही दाखवावे.

साठीनंतर नाकावर, गालावर नव्याने आलेला काळा चकचकीत 'तीळ' जर मधूनमधून रक्त देत असेल, तर तो तीळ नसून बेसल सेल नावाचा त्वचेचा कर्करोग असू शकतो. आयुष्यभर उन्हात राबलेल्या माणसांत तो दिसतो. तो अगदी सावकाश वाढतो आणि वेळेवर काढला तर बहुधा पूर्ण बरा होतो.

पद्धती आणि खर्च

आता खर्चाकडे वळू. खालील आकडे ढोबळ आहेत. गाव, डॉक्टर आणि तिळाची जागा यांप्रमाणे ते बदलतात.

करंटने जाळणे : याला कॉटरी किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी म्हणतात. जागा बधिर करून विजेच्या बारीक टोकाने दाणा जाळतात किंवा खरवडतात. लोंबते दाणे, चामखिळी आणि चेहऱ्यावरचे बारीक दाणे यांसाठी ही पद्धत चांगली. पाच-दहा मिनिटांचे काम, टाके नाहीत. लहान दाण्यास साधारण ५०० ते २००० रुपये. दाणे पुष्कळ असल्यास एका बैठकीचा दर ठरवतात.

गोठवणे : उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाचा द्रवरूप नायट्रोजन लावतात. चामखिळीला उपयोगी, खऱ्या तिळाला नव्हे. सावळ्या त्वचेवर त्या जागी पांढरा डाग राहू शकतो.

लेसर : कार्बन डायऑक्साइड लेसरने दाण्याचे थर उडवतात. काम नाजूक होते, रक्त कमी येते. एका तिळाला साधारण १५०० ते ५००० रुपये. 'लेसर' या शब्दाचा आपल्याकडे मोठा दबदबा आहे. परंतु लेसर म्हणजे व्रण राहणारच नाही, अशी हमी नव्हे.

वरवर कापणे : वर आलेली मस पात्याने त्वचेच्या पातळीवर कापतात. टाके लागत नाहीत. मुळाशी काही पेशी राहिल्या तर तीळ पुन्हा डोकावतो.

पूर्ण कापून टाके घालणे : होडीच्या आकाराचा छेद घेऊन तीळ मुळासकट काढतात. चेहऱ्यावरचे टाके पाच ते सात दिवसांनी, पाठीवरचे दहा ते चौदा दिवसांनी काढतात. खर्च साधारण ३००० ते १०,००० रुपये. प्लास्टिक सर्जनकडे त्याहून अधिक. संशय असलेल्या तिळासाठी हाच मार्ग योग्य. याने बारीक रेघ राहते, पण तुकडा अखंड हाती येतो.

या अखंड तुकड्याचे महत्त्व नीट समजून घ्यावे. कापलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजिस्टकडे पाठवतात. मेलॅनोमा त्वचेत किती मिलिमीटर खोल गेला आहे, यावर पुढचे उपचार आणि रोग्याचे भवितव्य बरेचसे अवलंबून असते, हे अमेरिकेतील पॅथॉलॉजिस्ट अलेक्झांडर ब्रेस्लॉ यांनी १९७० मध्ये दाखवून दिले. आजही तेच माप वापरतात. तीळ जाळला किंवा लेसरने उडवला, तर मापायला काही उरतच नाही. तपासणीला साधारण ५०० ते १५०० रुपये पडतात आणि नेमके हेच पैसे वाचवण्याकडे लोकांचा कल असतो. "काढून टाकलाय ना, मग आता कशाला तपासायचे?" असे विचारणाऱ्यांना मी सांगतो, की संशय असलेला तीळ काढतात तो तपासण्यासाठीच.

पन्नास रुपयांचा इलाज

काही वर्षांपूर्वी जवळच्या गावचे साठीतले एक शेतकरी माझ्याकडे आले. तक्रार जांघेत अवधाण आल्याची होती. पाय पाहिला तर टाचेवर न भरलेली जखम. आठ महिन्यांपूर्वी तिथे काळा डाग होता. आठवडी बाजारात औषध विकणाऱ्या एकाने पन्नास रुपये घेऊन कसलेसे पांढरे औषध लावले, डाग गळून पडला आणि सगळे खूश झाले. पुढे जखम ओली राहिली, ती 'चालण्यामुळे भरत नाही' म्हणून पट्ट्या बदलत राहिले. मी तपासणीला पाठवले. मेलॅनोमा निघाला आणि तो जांघेतील गाठींपर्यंत पोहोचला होता. मुंबईला दोन शस्त्रक्रिया झाल्या. दोन वर्षांनी ते गेले. सुरुवातीचा डाग किती खोल होता, तेव्हाच पूर्ण कापला असता तर ते वाचले असते का, हे त्यांच्या मुलाने मला विचारले. त्याला खात्रीचे उत्तर देता येईल असा पुरावाच कोणाजवळ नव्हता. तो बाजारात जळून गेला होता.

हे पांढरे औषध बहुधा चुना आणि धुण्याचा सोडा यांचे मिश्रण असते. दोन्ही ओले एकत्र केले की कॉस्टिक सोडा तयार होतो. त्याने कातडी अक्षरशः विरघळते. तो किती खोल जाईल, हे लावणाऱ्याच्या हाती राहत नाही. बिब्ब्याच्या तेलाचीही तीच गत. बिब्बा उतला की तिळासोबत आसपासची कातडीही सोलून निघते आणि काळा डाग वर्षानुवर्षे राहतो. उदबत्तीचा चटका, ॲसिडचा थेंब हेही त्याच माळेचे मणी. घोड्याच्या केसाने किंवा दोऱ्याने लोंबता दाणा बांधणे त्यामानाने सौम्य, पण त्यात पू होण्याची भीती असते. मधुमेह्यांनी तर त्या वाटेला जाऊच नये. ब्युटी पार्लरमध्ये करंटने तीळ काढून घेणेही तितकेच चुकीचे. तिथे तीळ ओळखणारे कोणी नसते आणि सुई निर्जंतुक केली की नाही, हेही कळत नाही.

"सुरी लागली की कॅन्सर पसरतो," ही समजूत अनेक घरांत ठाण मांडून बसली आहे. ती खरी नाही. तीळ योग्य रीतीने कापल्याने कर्करोग होत नाही आणि असलेला पसरत नाही. पसरतो तो वाट पाहिल्याने.

पैसे देण्यापूर्वी विचारा

डॉक्टरांना प्रश्न विचारायला संकोच करू नये. हा तीळ आहे की दुसरे काही? कोणत्या पद्धतीने काढणार, आणि तीच का? सांगितलेला दर एका तिळाचा की बैठकीचा? तपासणीचा व टाके काढण्याचा खर्च त्यात धरला आहे का? व्रण कसा राहील? ही पाच उत्तरे मिळाली की आकडा आपोआप समजतो.

आपणही डॉक्टरांना काही गोष्टी न विचारता सांगाव्यात. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असल्यास, मधुमेह असल्यास, बधिर करण्याच्या इंजेक्शनाने पूर्वी त्रास झाला असल्यास ते आधी सांगावे. गोळ्या मनाने बंद करू नयेत. पूर्वीच्या जखमेवर किंवा कान टोचल्यावर जाड, वाढणारा व्रण आला असेल, तर छाती, खांदा व कानाच्या पाळीवरील निरुपद्रवी तीळ शक्यतो काढूच नये. तिळापेक्षा व्रण मोठा होईल.

काढल्यानंतर खपली ओढू नये, हळद-चुना भरू नये. सांगितलेले मलम लावावे आणि काही आठवडे ऊन टाळावे. लग्नासाठी काढायचा असेल तर किमान दोन-तीन महिने आधी काढावा. आठ दिवसांवर अक्षता आल्या असताना धावपळ करू नये, कारण लाल किंवा काळसर डाग निवळायला वेळ लागतो.

ज्यांची ऐपत नाही त्यांनी निराश होण्याचे कारण नाही. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार मोफत केले आहेत. संशय असलेला तीळ जिल्हा रुग्णालयात जाऊन दाखवावा. केवळ सौंदर्यासाठी तीळ काढल्यास आरोग्य विमा सहसा पैसे देत नाही. कर्करोगाच्या उपचाराची गोष्ट वेगळी.

मी स्वतः मानेवरचे लोंबते दाणे आणि साध्या चामखिळी काढतो. थोडीही शंका वाटली तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा सर्जन यांच्याकडे चिठ्ठी देतो. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांकडून एवढी अपेक्षा प्रत्येकाने ठेवावी.

गालावरचा तीळ कोणाला शोभतो, कोणाला खुपतो. तो ठेवावा की काढावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. बदलणारा तीळ मात्र आवडीनिवडीचा विषय नाही. येत्या रविवारी अंघोळीनंतर घरातल्या वडीलधाऱ्यांचे तळपाय एकदा उजेडात पाहा. त्याला एक पैसाही लागत नाही.