त्याच जागी पुन्हा पुन्हा गळू? निदान कसे होते, जाणून घ्या

काखेत गळू आले की ‘काखमांजरी झाली’ म्हणून आपण सोडून देतो. मात्र काख, जांघ, स्तनांखाली किंवा नितंबांवर गळवे वारंवार येत असतील, तर तो ‘हायड्राडेनायटिस सपुराटिव्हा’ हा त्वचेचा दीर्घकालीन आजार असू शकतो. यात केसांची मुळे बंद होऊन त्वचेखाली दाह होत राहतो.

निदान कसे होते?
याची खात्री करणारी रक्ततपासणी नाही. डॉक्टर ३ गोष्टी पाहतात :
• दुखऱ्या गाठी, गळवे किंवा त्वचेखाली पू वाहणारे बोगदे
• वर सांगितलेल्या ठरावीक जागा
• ६ महिन्यांत किमान २ वेळा त्रास

उशीर का होतो?
दरवेळी फक्त पू काढला जातो. शिवाय जागा दाखवायला रुग्णाला संकोच वाटतो. निदानाला अनेकदा काही वर्षे लागतात. तोवर कायमचे व्रण पडतात.

गैरसमज नको
हा आजार अस्वच्छतेमुळे होत नाही आणि स्पर्शाने पसरत नाही. धूम्रपान व लठ्ठपणाने तो बळावू शकतो.

काय कराल?
गळू आले की मोबाइलमध्ये फोटो काढा, तारीख व जागा नोंदवा. तपासणीच्या दिवशी गळू नसले, तरी ही नोंद त्वचारोगतज्ज्ञांना उपयोगी पडते. सोबत ताप असेल, तर थांबू नका. लगेच डॉक्टरांकडे जा.