मासे मरू लागले, तर आधी पाणी पहा



ठाणे, कल्याण, डोंबिवलीकडे घराघरांतून रंगीत माशांची काचपेटी दिसते. आपल्याकडेही पडवीत अशी पेटी ठेवणारी घरे आहेत, आणि परसात सिमेंटचा हौद बांधून गप्पी, मॉली, गोल्डफिश वाढवून चार पैसे मिळवता येतात. पण मासे पाळणाऱ्याची तक्रार बहुधा एकच असते : "काल तर बरे होते, आज सकाळी उलटे तरंगताना दिसले!" मग धावतपळत बाजारातून औषधाची बाटली आणायची, अंदाजाने ओतायची, आणि उरलेसुरले मासेही घालवायचे. असे होऊ नये म्हणून पुढील माहिती ध्यानात घ्यावी.

एकदम मेले, की एकेक करून?

औषधाच्या बाटलीला हात लावण्यापूर्वी हा प्रश्न स्वतःला विचारा. एका रात्रीत किंवा काही तासांत बहुतेक सगळे मासे गेले, तर तो बहुधा रोग नसतो. पाणी बिघडलेले असते किंवा पाण्यात विष गेलेले असते. आज एक, परवा दोन असे मासे जाऊ लागले, अंगावर ठिपके, कापूस किंवा जखमा दिसू लागल्या, तर रोगाचा संशय घ्यावा. पहिल्या प्रकारात औषधाचा काही उपयोग नाही. तिथे पाणी बदलणे हेच औषध.

पाणी का बिघडते?

शेणखत शेतात कुजते तेव्हा त्यातला नत्र पिकाला मिळतो. काचपेटीत माशांची विष्ठा आणि उरलेले खाद्य असेच कुजते, पण तिथे तो नत्र घ्यायला पीक नसते. त्याचा अमोनिया होतो आणि माशांचे कल्ले जळतात. पाणी गरम व अल्कधर्मी असेल तर हा अमोनिया जास्तच जहाल. वाळूत आणि फिल्टरच्या स्पंजात उपयोगी जिवाणू वाढले की ते या अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्राइटही विषारीच असते. नायट्रेट मात्र त्या मानाने सौम्य. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून नव्या पेटीत पहिल्याच दिवशी डझनभर मासे सोडू नयेत. दोन-तीन सोडावेत, आणि महिनाभराने हळूहळू वाढवावेत.

फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतला की क्लोरीनने हे जिवाणू मरतात. तो पेटीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळावा. सगळे पाणी एकदम बदलू नये. आठवड्याला चौथा हिस्सा बदलावे. खाद्य दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच टाकावे. जास्तीचे खाद्य म्हणजे विषाची पेरणी, बरं का!

मासे पाण्यावर येऊन तोंडे उघडझाप करू लागले, तर प्राणवायू कमी पडतो आहे असे समजावे. पहाटेच्या वेळी आणि वीज गेल्यावर हे हटकून होते. अशा वेळी तांब्याने पेटीतलेच पाणी वरून धार धरून पुन्हा पुन्हा सोडावे.

नळ, विहीर आणि फवारणी

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. ते पाणी उघड्या बादलीत चोवीस तास ठेवावे, मगच पेटीत घालावे. घाई असेल तर दुकानात मिळणारे हायपोचे खडे बेताने वापरता येतात. बोअरचे पाणी ताजे घालू नये. त्यात प्राणवायू कमी असतो. ते भांड्यातून भांड्यात चार-पाच वेळा ओतून मग वापरावे.

आता खास आपली गोष्ट. भाजीवर, भातावर कीटकनाशक मारून आल्यावर पंप हौदापाशी धुऊ नये. सायपरमेथ्रीनसारखी औषधे माशांना अगदी अल्प प्रमाणातही मारक असतात. फवारणीचे हात साबणाने स्वच्छ धुतल्याशिवाय पाण्यात घालू नयेत. डासांची अगरबत्ती व वडी यांतही त्याच जातीचे औषध असते, आणि हवेचा पंप खोलीतली हवा ओढून थेट पाण्यात सोडतो. अशा खोलीत धूर करू नये.

पांढरे ठिपके

रोगांत सर्वांत जास्त आढळतो तो हाच. मासे दगडावर अंग घासू लागतात आणि दोन-तीन दिवसांत अंगावर मिठाचे कण पसरावेत तसे ठिपके दिसतात. पावसाने हौदाचे पाणी एकाएकी थंड झाले, किंवा थंडीत रात्रीचा गारठा वाढला, की हा रोग उफाळतो.

हा एक सूक्ष्म परजीवी आहे. तो माशाच्या कातडीखाली वाढतो, पिकला की गळून तळाशी बसतो, आणि त्याची शेकडो पिल्ले होतात. ती पोहत मासा शोधतात. एक-दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. औषध लागू पडते ते फक्त या पोहणाऱ्या पिल्लांना. कातडीखालच्याला आणि तळाशी बसलेल्याला ते पोचत नाही. म्हणून एकदा औषध टाकून, ठिपके गेले म्हणून थांबणे चुकीचे. शेवटचा ठिपका गेल्यावरही उपचार पाच-सहा दिवस चालू ठेवावा.

पेटीला हीटर असेल तर पाणी हळूहळू, दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत, 28 ते 30 अंशांवर न्यावे. याने परजीवीचे चक्र लवकर फिरते आणि तो औषधाच्या तावडीत लवकर सापडतो. मात्र गरम पाण्यात प्राणवायू कमी राहतो, म्हणून हवा जास्त सोडावी. गोल्डफिशच्या बाबतीत 28 च्या वर जाऊ नये.

एक खूण लक्षात ठेवा : विणीच्या काळात नर गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर बारीक पांढरे कण येतात. तो रोग नव्हे. त्याला औषध देऊ नका.

मिठाचा हिशेब

जाडे मीठ हे घरातले चांगले औषध, पण मोजून. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच पेटीत काठापर्यंत सुमारे 56 लिटर पाणी मावते. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा जाता 50 लिटर धरावे. लिटरला 2 ग्रॅम याप्रमाणे 100 ग्रॅम मीठ लागते. ते वाण्याकडून तोलून आणावे, तांब्याभर पाण्यात विरघळवावे आणि चोवीस तासांत तीन वेळा विभागून घालावे. उपचार चालू असताना चौथा हिस्सा पाणी बदलले, तर मीठही चौथा हिस्सा, म्हणजे 25 ग्रॅमच, पुन्हा घालावे. मीठ उडून जात नाही, म्हणून रोज घालत राहू नये. बिनखवल्यांच्या माशांना आणि पाणवनस्पतींना मीठ सोसत नाही. मासे वेगळ्या टबात काढूनच उपचार करणे बरे.

इतर दुखणी

पर कुरतडल्यासारखे झाले व कडा पांढऱ्या पडल्या, तर ते बहुधा घाण पाण्याचे फळ. पाणी बदलावे आणि मीठ द्यावे. जखमेवर कापसासारखा पुंजका म्हणजे बुरशी. उपाय तोच, मासा मात्र वेगळा ठेवावा. मसुरीच्या डाळीसारखी चपटी, सरकणारी उवा दिसली तर ती चिमट्याने अलगद काढावी. पोट फुगून खवले उभे राहिले तर मासा क्वचितच वाचतो. त्याला तत्काळ वेगळा करावा.

माणसांच्या गोळ्या-कॅप्सूल फोडून पाण्यात टाकू नयेत. त्याने फिल्टरमधले उपयोगी जिवाणूही मरतात. दुकानातले औषध वापरताना बाटलीवरचे प्रमाण पाळावे, आणि फिल्टरमध्ये कोळसा असल्यास तो आधी काढावा, नाहीतर तोच औषध शोषून घेईल. मॅलाकाईट ग्रीन हे औषध खाण्याच्या माशांच्या तळ्यात कधीही वापरू नये.

नवा पाहुणा आधी ओसरीवर

कुर्ल्याच्या बाजारातून आणलेला मासा कितीही देखणा असो, त्याला दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवावा. टबाची जाळी, बादली वेगळी असावी. नवे जनावर आणले की आपण ते लगेच दावणीत बांधत नाही. इथेही तोच नियम.

आजारी मासा तळ्यात सोडू नका

"मरेल बिचारा" म्हणून कोणी आजारी मासा विहिरीत, गावतळ्यात किंवा उल्हास नदीत सोडतो. ही दया नव्हे. माशांचा व्रणरोग 1971 मध्ये जपानात आढळला, देशोदेशी पसरत 1988 मध्ये भारतात शिरला, आणि मरळीसारख्या खाण्याच्या माशांचे फार नुकसान झाले. रोग माशाबरोबर आणि पाण्याबरोबर प्रवास करतो. मेलेला मासा खोल पुरावा. पेटीतले पाणी ओढ्यात न सोडता बागेच्या मातीत जिरवावे, मात्र मिठाचे पाणी झाडांच्या मुळांशी घालू नये. हाताला जखम असेल तर पेटीत हात घालू नये, आणि काम झाल्यावर साबणाने हात धुवावेत.

थोडक्यात

1. एकदम मेले तर पाणी, एकेक मेले तर रोग.
2. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदला. खाद्य बेताने द्या.
3. मीठ तोलून, उपचार अर्ध्यावर सोडू नका.
4. नवा मासा दोन आठवडे वेगळा.
5. फवारणीचा पंप आणि हात हौदापासून दूर.

एवढे करूनही मासे जातच राहिले, तर एक आजारी पण जिवंत मासा त्याच पाण्यासह पिशवीत घालून जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात दाखवावा. मेलेल्या, कुजलेल्या माशावरून निदान होत नाही. पाणी कधी बदलले, खाद्य कोणते दिले, आसपास फवारणी कधी झाली, हे कागदावर लिहून सोबत न्यावे. रोग ओळखायला त्याचा फार उपयोग होतो.