घरचा दूरध्वनी की खिशातला?

दोन सेवांपैकी एक निवडताना ग्राहक किंमत आणि उपयुक्तता यांचा मेळ घालतो, असे अर्थशास्त्र सांगते. पेण-रोह्यातील असंख्य कुटुंबांनी घरचा दूरध्वनी परत करून भ्रमणध्वनी पत्करला, तो याच न्यायाने. तो निर्णय अविचाराचा होता, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या वेळी मांडलेला हिशेब आजही लागू पडतो काय, हे तपासून पाहिले पाहिजे.

1995 साली भारतात भ्रमणध्वनी आला तेव्हा आलेला कॉल घेण्यासही पैसे पडत. मे 2003 पासून येणारे कॉल मोफत झाले आणि पारडे फिरले. 2004 मध्येच देशातील भ्रमणध्वनींची संख्या तारेच्या दूरध्वनींहून अधिक झाली. बोला अथवा न बोला, तारेच्या फोनचे भाडे चुकत नसे. भ्रमणध्वनीवर मात्र लहानसे रिचार्ज करून खर्च बेतात ठेवता येई. शिवाय पेणहून रोज पनवेल-मुंबई गाठणाऱ्या कारकुनाला किंवा धाटावच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या कामगाराला दिवाणखान्यातील फोनचा उपयोग तो काय?

आज ही स्थिती पालटली आहे. बोलणे मोफत म्हणतात, पण ठरावीक रक्कम भरल्याखेरीज सेवा चालू राहत नाही. प्रचलित योजना बहुधा 28 दिवसांच्या; म्हणजे वर्षाला 12 नव्हे, 13 हप्ते आणि चार माणसांच्या घरात 52. प्रत्येक कंपनीने 30 दिवसांची निदान एक योजना ठेवावी, असे नियामक प्राधिकरणाला 2022 साली सांगावे लागले, ते उगीच नव्हे. जुने भाडेच नव्या नावाने परत आले आहे. फरक इतकाच की पूर्वी ते घरामागे होते, आता डोक्यामागे आहे.

दुसरी बाब विश्वसनीयतेची. 3 जून 2020 रोजी श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर 'निसर्ग' चक्रीवादळ आदळले, तेव्हा जिल्ह्यात अनेक ठिकाणी वीज गेली आणि तिच्यापाठोपाठ भ्रमणध्वनीही मुके झाले. तांब्याच्या तारेवरील फोनला वीज एक्स्चेंजमधूनच मिळे. घरात अंधार असला तरी तार शाबूत असेपर्यंत तो बोलत असे. हल्ली ब्रॉडबँडबरोबर मिळणारा फायबरचा फोन दिसायला घरचाच. परंतु घरातील वीज गेली की बॅटरीची सोय नसल्यास तोही बंद पडतो. जुन्या फोनच्या नावाबरोबर त्याचा गुण आलेला नाही.

म्हणून गृहस्थाने केवळ दरपत्रक पाहू नये. घरात एकूण किती रिचार्ज होतात, त्यांतील प्रत्येकाला महागडी योजना हवीच काय, एका फायबर जोडणीवर मुलांचा अभ्यास भागेल काय, हे वहीत मांडावे. आणि त्या जोडणीसाठी लहानशा बॅटरीचाही खर्च धरावा. वृद्ध आई-वडील गावी एकटे असतील, तर हा खर्च चैनीचा मानू नये.

तथापि सारा भार गृहस्थावर टाकून चालणार नाही. ग्राहक एकेक करून तार सोडतो, तेव्हा तिच्या देखभालीचा बोजा उरलेल्यांवर पडतो. दुरुस्ती रेंगाळते आणि तेही सोडून जातात. प्रत्येकाच्या शहाणपणातून सर्वांची गैरसोय निर्माण होते, ती अशी. निदान रुग्णालये, तहसील कचेऱ्या आणि पोलीस ठाणी यांच्यासाठी तरी वादळात टिकणारी संपर्कव्यवस्था राखणे हे शासनाचे काम आहे. ते बाजारावर सोपवून भागणार नाही.